शेंडेफळ

आमच्या जिनोआत नाताळचा गोड पाव फार फुगत नाही.
मिलानची मंडळी आपला पाव उंच करतात, घुमटासारखा,
आणि रात्रभर उलटा टांगून ठेवतात, खाली बसू नये म्हणून.
आमचा पानदोल्चे मुळातच बसका.
गोदीतल्या हमालासारखा, रुंद खांद्यांचा, मान नसलेला.
कापला की आत बडीशेप, चिलगोजे, मनुका,
साखरेत मुरलेली महाळुंगाची साल,
आणि नारिंगाच्या फुलांचं पाणी,
जे निवेस आत्या थेंब मोजून घालते
औषध घातल्यासारखं.

वर, शेंड्याला, तमालपत्राची डहाळी खोचलेली.
ती घरातल्या सगळ्यात लहानानं काढायची,
सुरी सगळ्यात मोठ्यानं चालवायची.
असा रिवाज. कोणी घातला, विचारायचं नाही.

पहिल्यांदा काढली तेव्हा मी आईच्या कडेवर होतो म्हणे.
मग खुर्चीवर उभा राहून काढली.
मग मिसरूड फुटल्यावर, लाजत.
मग टक्कल पडू लागल्यावर,
चष्मा कपाळावर सरकवून.
माझ्यामागून या घरात कोणी जन्मलंच नाही.
सत्तेचाळीस नाताळ मीच शेंडेफळ.
सुरी मात्र हात बदलत गेली:
आजोबा, मग थोरले काका तेरेसियो,
मग बाबा, त्यांनी दोनच वर्षं धरली.

पहिले दोन काप कोणी खायचे नाहीत.
एक, दारी येईल त्या पहिल्या गरिबाचा.
दुसरा संत ब्याजोचा. तो रुमालात बांधून फडताळात,
तीन फेब्रुवारीपर्यंत. तोवर त्याची वीट होते.
त्या दिवशी खाल्ला की वर्षभर घसा धरत नाही.

दारी आता कोणी येत नाही.
खाली लोखंडी दार, त्यावर बटणं,
बटणांसमोर आमची आडनावं.
बाबा तो काप कोटाच्या खिशात घालून बंदराकडे जायचे,
आणि परतल्यावर कोणाला दिला ते सांगायचे नाहीत.
ते गेल्यावर मी,
सांगूनच टाकतो,
मध्यरात्री स्वयंपाकघरात उभ्या उभ्या तो मीच खाल्ला.
तीन वर्षं.
पोट भरलेलं असतानाही.

यंदा आत्याला सांभाळायला मार्लेनी आहे, एक्वादोरची.
नाताळला घरी जा म्हटलं, तर म्हणाली
घर समुद्रापलीकडे आहे, जाऊन येईतो ईस्टर होईल.
तिचा सहा वर्षांचा एल्किन
बूट न काढताच टेबलाशी बसला.

आत्यानं सुरी उचलली. थांबली.
"लहान कोण इथे?"
मी सवयीनं हात पुढे केला
आणि तिनं त्यावर चापट मारली,
जोरात नाही,
लहानाला मारतात तशी.

एल्किननं डहाळी उपटली, एक पान चावून पाहिलं,
थू करून बशीत टाकलं.
"आई हे मसुरात घालते!"
सगळे हसले. मीही.
मग पाणी प्यायला उठलो, तहान नसताना.

परत आलो तेव्हा आत्याचं मनगट थरथरत होतं.
रिकामा हात तिथं लावला.
दोघांनी मिळून काप पाडले,
वाकडे, एक जाड, एक पारदर्शक.

"गरीब म्हणजे कोण?" एल्किननं विचारलं.
कोणी बोललं नाही.
मार्लेनीनं पहिला काप कागदात गुंडाळला,
शाल घेतली, जिन्यावरून खाली गेली.
पंधरा मिनिटांनी आली, नाक लाल झालेलं.
तिनंही सांगितलं नाही.

आज तीन फेब्रुवारी. बाहेर उत्तरेचा वारा.
एल्किनचा घसा सुजलाय, म्हणून शाळा नाही.
ब्याजोचा काप खलबत्त्यात फोडावा लागला,
गरम दुधात बुडवून चौघांत वाटला.
माझ्या वाट्याला एक मनुका आली
आणि दाढेत अडकलेला बडीशेपेचा दाणा.

रुमाल झटकताना गाठीतून काहीतरी पडलं.
डहाळीच ती. मीच ठेवली असणार.
वाळून कडक झालेली,
आणि मधल्या एका पानाला
दुधाच्या दातांची अर्धगोल खूण.